फळ, बर्फ आणि माप

११ मे १९७१ रोजी अमेरिकेतल्या डॅलस शहरात मारिआनो मार्टिनेझ या तरुणाने आपल्या नव्या मेक्सिकन रेस्टॉरंटात एक यंत्र सुरू केलं. मुळात ते सॉफ्टी आइस्क्रीमचं यंत्र होतं. त्याने ते गोठवलेल्या मार्गरिटासाठी, म्हणजे टकीला, लिंबाचा रस आणि संत्र्याच्या लिकरच्या बर्फाळ मिश्रणासाठी जुळवून घेतलं होतं. त्याआधी त्याच्या बारमध्ये हे पेय एकेक ग्लास मिक्सरमधून काढलं जात असे. गर्दीच्या वेळी लिंबं पिळून पिळून माणसं थकत, घाईत माप सुटे, एका ग्लासाची चव दुसऱ्याशी जुळत नसे आणि गिऱ्हाइकं तक्रार करत. एके दिवशी सेव्हन-इलेव्हनच्या दुकानात रंगीत बर्फाळ सरबत ओतणारं यंत्र त्याने पाहिलं आणि त्याला तोड सापडली. २००५ साली त्याचं हे पहिलं यंत्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयात जाऊन बसलं.

या गोष्टीत यंत्राइतकंच महत्त्व मापाला आहे. अल्कोहोल फार झालं की मिश्रण गोठत नाही, पातळच राहतं. साखर कमी पडली की त्यात बर्फाचे टोचणारे कण होतात. साखर, आंबटपणा, अल्कोहोल आणि पाणी ही चार प्रमाणं जमली तरच चमच्यावर क्षणभर ठरेल आणि जिभेवर लगेच विरघळेल असं पेय तयार होतं. मार्टिनेझला यंत्र मिळाल्यावरही साखरेचं प्रमाण जमेपर्यंत प्रयोग करावे लागले होते.

आज आपल्याकडे हजार-बाराशे वॉटचे ब्लेंडर अनेक घरांत आले आहेत. दिवाळीच्या सुट्टीत, लग्नाच्या वाढदिवसाला, परदेशातून भावंडं आली की ओट्यावर फळं, बर्फाचे ट्रे आणि रमची बाटली मांडली जाते. बटण दाबल्यावर मात्र बहुतेक ठिकाणी अंदाजपंचे कारभार सुरू होतो. पहिला ग्लास पाणचट, दुसरा जहाल आणि तिसऱ्यात फळाचा पत्ता नाही. बुंदीच्या लाडवांचा पाक आपण बोटांत धरून तार बघितल्याशिवाय पुढे जात नाही. फळांच्या कॉकटेलला तेवढीच शिस्त लागते, आणि ती पाळली तर आपल्याकडच्या फळांतून जगातल्या कुठल्याही बारच्या तोडीचं पेय घरी होतं.

हवाना ते सान हुआन

या पेयांचं घराणं कॅरिबियन समुद्रातलं आहे. क्युबाच्या सांतियागो शहराजवळ दायकिरी नावाची वस्ती आहे. तिथल्या खाणींवर काम करणारा अमेरिकन अभियंता जेनिंग्ज कॉक्स याने १८९८च्या सुमारास रम, लिंबू आणि साखर यांचं मिश्रण रूढ केलं, असं मानलं जातं. हीच डायकिरी. तिला बर्फाळ रूप दिलं ते हवानातल्या एल फ्लोरिदिता या बारने. बारचा मालक कॉन्स्टंटिनो रिबालायगुआ मूळचा स्पेनमधल्या कातालोनियाचा. त्याने १९१८ साली हा बार विकत घेतला. पुढे बारीक चुरलेला बर्फ आणि विजेवर चालणारा मिक्सर हाताशी आल्यावर त्याने डायकिरीचे एकामागून एक प्रकार बसवले आणि त्यांना क्रमांक दिले. लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे हे तिथलं नेहमीचं गिऱ्हाईक. त्यांच्यासाठी साखर वगळून आणि रम दुप्पट घालून खास प्रकार बनत असे. आज त्या बारच्या कोपऱ्यात त्यांचा ब्राँझचा पुतळा आहे.

दुसरं मोठं नाव पिना कोलाडाचं, म्हणजे रम, अननस आणि नारळाच्या पेयाचं. प्वेर्तो रिकोची राजधानी सान हुआन इथल्या कॅरिबे हिल्टन हॉटेलात रामोन मारेरो या बारटेंडरने १९५४ साली ती तयार केली, असं हॉटेल सांगतं. त्याच शहरातलं बाराचिना रेस्टॉरंटही या पेयावर आपला हक्क सांगतं. वाद काहीही असो, १९७८ साली प्वेर्तो रिकोने पिना कोलाडाला आपलं राष्ट्रीय पेय ठरवलं. हे पेय सहज करणं शक्य झालं ते रामोन लोपेझ इरिझारी या कृषी-प्राध्यापकामुळे. नारळ फोडा, खवा, वाटा, पिळा, या खटाटोपातून त्याने सुटका केली. नारळाचं गोड दाट क्रीम त्याने डब्यात भरलं आणि ‘कोको लोपेझ’ या नावाने बाजारात आणलं.

कोकणातल्या, गोव्यातल्या माणसाला हा खटाटोप समजावून सांगावा लागत नाही. सोलकढीसाठी, कालवणासाठी नारळाचं दूध काढणं हे तिथल्या स्वयंपाकघरातलं रोजचं काम. खवलेलं खोबरं, कोमट पाणी, मिक्सरचे दोन फेरे आणि पंचातून पिळून घेतलेलं पहिलं दाट दूध. हे दूध ज्या घरात निघतं, त्या घराने पिना कोलाडासाठी डबा शोधत फिरण्याचं कारण नाही.

पात्याचा प्रवास

भांड्याच्या तळाशी फिरणारं पातं बसवण्याची युक्ती स्टीफन पोप्लॉस्की या पोलिश वंशाच्या अमेरिकन माणसाची. १९२२ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावात, सोडा फाउंटनवर मिळणाऱ्या माल्टेड मिल्कसाठी त्याने ती काढली. पुढे फ्रेडरिक ओसियस या यंत्रज्ञाने सुधारित नमुना घेऊन फ्रेड वॉरिंग या वाद्यवृंदाच्या लोकप्रिय संचालकाला गाठलं. वॉरिंगने पैसे घातले आणि १९३७ साली शिकागोच्या रेस्टॉरंट प्रदर्शनात हे यंत्र लोकांसमोर आलं. वॉरिंग कार्यक्रमांसाठी गावोगाव फिरत असे आणि हॉटेलांमध्ये, बारमध्ये आपलं यंत्र चालवून दाखवत असे. बर्फाळ कॉकटेल अमेरिकेत पसरली त्यात या फिरतीचा वाटा मोठा आहे. हेच यंत्र प्रयोगशाळांतही गेलं. पोलिओच्या लसीवर काम करताना जोनास साल्क यांनी ते वापरलं.

आपल्याकडचा मिक्सर वेगळ्या गरजेतून जन्मला. भिजवलेली डाळ, सुकं खोबरं, हळकुंड यांच्यापुढे परदेशी नाजूक यंत्रं टिकत नव्हती. साठच्या दशकात मुंबईत अभियंता सत्यप्रकाश माथुर यांनी पत्नी माधुरी यांच्या स्वयंपाकघरातली हीच अडचण पाहून दणकट मोटारीचा ‘सुमीत’ तयार केला. पाटा-वरवंट्याची कितीतरी मेहनत त्याने वाचवली.

या दोन यंत्रांच्या जडणघडणीतला फरक कॉकटेल करताना आडवा येतो. आपलं चटणीचं भांडं लहान असतं, कारण थोडा जिन्नस पात्याशी दाबून बारीक करायचा असतो. बर्फ आणि फळ यांना मात्र खेळायला जागा लागते, वरचं खाली आणि खालचं वर येत राहावं लागतं. म्हणून साध्या मिक्सरवर हे पेय करायचं तर सर्वांत मोठं, ज्यूसचं भांडं घ्यावं. त्याच्या आतल्या भिंतीला उभ्या कडा असतात. त्या गोल फिरणाऱ्या मिश्रणाला अडवून पात्याकडे परत ढकलतात. मिरची-लसणाचं भांडं कितीही घासलं तरी त्याच्या रबरी वायसरमध्ये वास राहतो, आणि थंड फळाच्या पेयात तो लगेच कळतो.

भांड्यात काय घडतं

मिक्सर सुरू झाल्यावर कान द्यावा. सुरुवातीला बर्फ भिंतींवर आपटतो, खडखडाट होतो. दहा-पंधरा सेकंदांत खडे फुटतात आणि आवाज जाड, भरलेला होतो. मग पृष्ठभागावर मधोमध एक खळगा पडतो आणि मिश्रण कडेकडेने वर चढून त्या खळग्यात सावकाश कोसळत राहतं. हा भोवरा एकसारखा फिरू लागला की आणखी दहा सेकंद, आणि यंत्र बंद.

मधेच आवाज एकदम हलका आणि चढा झाला, तर पातं मोकळं फिरतंय असं समजावं. पात्याभोवती हवेची पोकळी तयार होते आणि वरचा गोळा खाली उतरत नाही. अशा वेळी वेग वाढवून काही होत नाही. यंत्र थांबवावं, भांडं उतरवून हलवावं किंवा दोन चमचे रस घालावा. मोठ्या ब्लेंडरसोबत झाकणातून आत जाणारा, पात्याला न लागणारा दांडा येतो. त्याने गोळा खाली दाबता येतो. झाकणातून साधा चमचा किंवा उलथनं मात्र कधीही घालू नये.

भरण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी रस आणि दारू, मग पाक, मग मऊ फळ, त्यावर गोठवलेलं फळ आणि सर्वांत वर बर्फ. खाली पातळ पदार्थ असला की पात्याला पहिल्या फेऱ्यापासून पकड मिळते आणि बर्फाचं वजन बाकीचं खाली रेटतं. भांडं दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. दादरच्या रस्त्यावरचा ज्यूसवाला बघावा. ऐन गर्दीतही त्याचे हात हा क्रम मोडत नाहीत, आणि मिक्सर किती वेळ फिरवायचा हे तो घड्याळाकडे न बघता आवाजावरून ठरवतो.

जास्त ताकदीचा खरा फायदा वेळेत आहे. पातं फिरतं तेव्हा घर्षणाने उष्णता तयार होते. मोठे ब्लेंडर पाच-सहा मिनिटं चालवले तर भाज्यांचं सूप वाफाळतं होतं. कॉकटेलमध्ये तीच उष्णता बर्फ वितळवते. ताकदवान यंत्र अर्ध्या-पाऊण मिनिटात काम संपवतं, साध्या मिक्सरला दोन मिनिटं लागतात, आणि त्या जादा वेळात पेय पातळ होतं. घरात साडेसातशे वॉटचा मिक्सर असेल तर बर्फ आधी जाड पंचात बांधून वरवंट्याने ठेचून घ्यावा आणि मिक्सर थांबून थांबून चालवावा. मोटार तापून बंद पडली तर घाबरण्याचं कारण नाही. बहुतेक मिक्सरांच्या तळाशी लाल बटण असतं. यंत्र थंड होऊ द्यावं आणि मग ते दाबावं.

आता थंडीचा हिशेब. एक ग्रॅम बर्फ वितळताना आजूबाजूची सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. पेय थंड होतं ते यामुळेच, आणि त्याची किंमत पाण्याच्या रूपात मोजावी लागते. जितकं कोमट फळ आणि कोमट रम भांड्यात जाईल, तितका जास्त बर्फ पाणी होईल. म्हणून रम आदल्या रात्रीच फ्रीझरमध्ये ठेवावी. घरचा फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास असतो आणि एवढ्या थंडीत रम गोठत नाही. ग्लासही अर्धा तास तिथेच ठेवावेत.

थंडीमुळे जिभेला गोडी कमी जाणवते. वितळलेलं आइस्क्रीम किती गोड लागतं ते आठवावं, तेही याच नियमाने. म्हणून भांड्यात चाखताना मिश्रण जरा जास्त गोड आणि जरा जास्त आंबट लागलं, तर ते बरोबर आहे. चिमूटभर मीठही घालावं. त्याने फळाची चव उठून येते आणि कडवटपणा दबतो.

फळ हाच बर्फ

पाणचट कॉकटेलवर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे बर्फ कमी करून फळच गोठवणं. पिकलेलं फळ सोलून, सुपारीएवढ्या फोडी करून थाळीत एकमेकींना न चिकटतील अशा पसराव्यात. रात्रभर गोठल्या की पिशवीत भरून हवा काढून टाकावी. मे महिन्यातला हापूस या पद्धतीने दिवाळीपर्यंत हाताशी राहतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, घोलवडचा चिकू, नागपूरचं संत्रं, नाशिकची द्राक्षं हीसुद्धा मानांकनाची फळं. एवढी विविधता ज्या राज्यात पिकते, तिथे बाटलीतल्या रंगीत सिरपवर कॉकटेल करणं मला मान्य होत नाही.

प्रत्येक फळाचा स्वभाव निराळा. आंबा, पेरू, स्ट्रॉबेरी, केळं यांत गर आणि पेक्टिन भरपूर, त्यामुळे पेय जाड राहतं आणि लवकर फाटत नाही. कलिंगड आणि संत्रं पाणीदार, ग्लासात ठेवलं की खाली पाणी आणि वर फेस. त्यांना गोठवलेल्या केळ्याच्या दोन चकत्यांचा आधार दिला की मिश्रण धरून राहतं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं. ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि पेय कडू होतं. म्हणून अननसाबरोबर साय किंवा आइस्क्रीम न घालता नारळाचं दूधच वापरावं. सीताफळाच्या बिया विषारी असतात, एकही बी भांड्यात जाता कामा नये. गर हाताने काढून, चाळणीवर घासूनच घ्यावा. पेरूचा गरही आधी गाळावा. ताकदवान ब्लेंडर पेरूच्या बिया फोडतो, पण तो भुगा रवाळ राहतो आणि दाताखाली येतो.

मापात तीन पेयं

पुढची मापं दोन ग्लासांची आहेत. पाक म्हणजे साखर आणि पाणी समप्रमाणात विरघळवून थंड केलेलं.

हापूस डायकिरी : गोठवलेल्या आंब्याच्या फोडी २५० ग्रॅम, पांढरी रम ९० मिलि, लिंबाचा रस ३० मिलि, पाक २० मिलि, बर्फ ८० ग्रॅम, चिमूटभर मीठ. आंबा फार गोड असेल तर पाक निम्मा करावा, लिंबू मात्र कमी करू नये. रमचा कडकपणा आणि आंब्याचा गोडवा यांना जोडून ठेवतं ते लिंबूच.

पिना कोलाडा : गोठवलेला अननस २५० ग्रॅम, पांढरी रम ९० मिलि, नारळाचं पहिलं दाट दूध ९० मिलि, पाक ४० मिलि, लिंबाचा रस १५ मिलि, बर्फ ६० ग्रॅम. नारळाचं दूध त्याच दिवशी काढलेलं आणि गार केलेलं असावं. वरून थोडं जायफळ किसावं.

पेरू-फेणी : हे दिवाळीच्या दिवसांतलं, कारण तेव्हा बाजारात पेरू असतो. गुलाबी पेरूचा गाळलेला गर २०० ग्रॅम बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा. काजूची फेणी ६० मिलि, लिंबाचा रस ३० मिलि, पाक ३० मिलि, बर्फ १०० ग्रॅम, बी काढलेल्या हिरव्या मिरचीचा लहान तुकडा. ग्लासच्या काठाला तिखट-मीठ. फेणीला स्वतःचा दांडगा वास आहे, म्हणून तिचं माप रमपेक्षा कमी. काजूच्या बोंडांच्या रसापासून आधी सौम्य उर्राक आणि मग पुन्हा ऊर्ध्वपातन करून फेणी निघते. २००९ साली गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा-पेय म्हणून मान दिला. उर्राकमध्ये मिरची आणि मीठ घालण्याची रीत गोव्यात आहेच. पेरूलाही तिखट-मीठ लागतंच. त्यामुळे हे मिश्रण तोंडाला परकं वाटत नाही.

ओतल्यावर लगेच प्यायला द्यावं. उरलेलं मिश्रण फ्रीझरमध्ये ठेवता येतं, पण देण्याआधी पाच सेकंद पुन्हा फिरवावं लागतं.

यजमानाची जबाबदारी

फळाची गोडी आणि थंडी दारूचा कडकपणा झाकून टाकतात. या पेयाची लज्जत त्यातच आहे आणि धोकाही त्यातच. भारतात मिळणाऱ्या रम-व्हिस्कीत साधारणपणे ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ६० मिलिच्या मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. सोड्याबरोबर घेतलेला तो पेग माणूस सावकाश पितो. तोच आंब्यात मिसळला की दहा मिनिटांत संपतो आणि ग्लास पुन्हा पुढे येतो. वरच्या मापांत दर ग्लासाला रम ४५ मिलि आणि फेणी ३० मिलिच ठेवली आहे, ती याच कारणाने. ओट्यावर ३० मिलिचं पेग-माप ठेवावं आणि बाटली थेट भांड्यात कधीही वाकडी करू नये. कुणी किती घेतलं याचा हिशेब पाहुण्याने ठेवावा अशी अपेक्षा करू नये, तो यजमानाने ठेवावा. गाडी चालवणाऱ्याला आग्रह करू नये. फळ गोड आहे म्हणून सोबत खाणं लागत नाही, हा समजही चुकीचा आहे. भाजलेले काजू, कोळंबीचं सुकं, पनीर, असं काही टेबलावर असावंच.

कायदाही माहीत हवा. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची २१ वर्षं आणि रम, व्हिस्की, टकीला अशा मद्यांसाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात, आणि पिण्यासाठी परवाना लागतो. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे.

घरात सगळेच पिणारे नसतात, आणि या पेयाचं मला सर्वांत आवडतं वैशिष्ट्य तिथेच कामी येतं. व्हिस्कीच्या मैफलीत न पिणाऱ्याच्या हाती कोल्ड्रिंकची बाटली दिली जाते आणि तो बाजूला पडतो. इथे मुख्य जिन्नस फळ आहे. पहिलं भांडं बिनदारूचंच फिरवावं. रमच्या जागी तेवढंच शहाळ्याचं पाणी घातलं की दाटपणा जमतो. ते आजी-आजोबांना, मुलांना, औषधं चालू असलेल्यांना, ज्यांना नको आहे त्या सगळ्यांना आधी द्यावं, त्याच उंच ग्लासांत, तशीच लिंबाची चकती लावून. मुलांचे आणि मोठ्यांचे ग्लास अदलाबदल होऊ नयेत म्हणून दारूच्या ग्लासांत रंगीत स्ट्रॉ ठेवावा. मग दुसरं भांडं रमचं, मापून. टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाच्या हाती तोच आंबा येतो, आणि कोण पितो, कोण पीत नाही हे कुणाला विचारावं लागत नाही.

या दिवाळीत घरी माणसं येणार असतील, तर आदल्या रात्री तीन कामं उरकून ठेवावीत. पेरू गाळून ट्रेमध्ये गोठवावा, पाक करून गार करावा आणि लिंबं आणून ठेवावीत, पिळायची मात्र ऐन वेळी. बाटलीबंद लिंबूरसात ती चव नाही. एवढी तयारी असली की मिक्सरचं काम एका मिनिटाचं उरतं आणि यजमानाला ओट्याशी अडकून न पडता माणसांत येऊन बसता येतं.